मुलनाच्या भिंतीवरचं फूल

लिगियानं लिहिलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपला दगड दिसला आणि तिबुर्सिओ उकचा मक्याच्या रोटीचा घास हातातच राहिला.

"नीट हातात घेऊन बघा ना काका," लिगिया म्हणाली. "कालच मेरिदा शहरातून छापून आलंय. पहिली प्रत तुमच्याच घरात द्यायची, हे मी कधीच ठरवलं होतं."

त्यानं हात पँटला पुसले आणि पुस्तक घेतलं. फोटो तिरप्या उन्हात काढलेला होता. पर्जन्यदेव चाकच्या मुखवट्याचा डोळा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात बसवलेला वीतभर दगड. त्या दगडावर पाच पाकळ्यांचं फूल, आणि त्याचा डावीकडे वळलेला देठ. छिन्नीचा प्रत्येक घाव दिसत होता. तिबुर्सिओला तर हात कुठं थकला होता तेसुद्धा दिसलं.

चुलीपासून उठून त्याची बायको चिंदा आली आणि त्याच्या खांद्यावरून डोकावली. "अगं बाई! हे तर आपलं मुलनाचं फूल! आणि आत सासूबाईंचं हिपिलही आहे का गं?"

"आहे की. अख्खं पान आहे." लिगियानं पान उलटून दाखवलं. तिबुर्सिओच्या आईचा तो पांढरा, घोळदार झगा, गळ्याभोवती आणि घेरावर मोजून घातलेले टाके, आणि टाक्यांतून उमललेलं तेच फूल. तोच डावा देठ. "गावात बाकी सगळ्या बायका देठ उजवीकडे काढतात. फक्त आजीच्या हिपिलवर तो डावीकडे आहे, आणि भिंतीवरही डावीकडे. बाराशे वर्षं हा धागा तुटला नाही काका! मोठ्या अवशेषांवर ते गाइड लोक पर्यटकांना काय सांगतात? माया लोक एके दिवशी गायब झाले म्हणे. शाळेच्या सहलीत ऐकलं होतं मी. आता सांगू दे म्हणावं."

"शाब्बास!" चिंदा म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून, "म्हाताऱ्या, काहीतरी बोल की. तोंडात काय मूग भरलेत?"

"छान झालंय," तिबुर्सिओ म्हणाला.

"आणि हे बघा." लिगियानं पहिलं पान उघडलं. तिथं दोनच ओळी होत्या. 'माझे वडील हिलारिओ पूत यांना, ज्यांनी प्रत्येक दगडाची नोंद ठेवली. आणि तिबुर्सिओ उक यांना, ज्यांनी प्रत्येक दगड जागेवर बसवला.' "शनिवारी चार वाजता बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली कार्यक्रम आहे. तुम्ही पुढच्या रांगेत, आईच्या शेजारी बसायचं. सबब चालणार नाही."

ती गेल्यावर चिंदानं पुस्तक पदराला पुसावं तसं हिपिलच्या टोकाला पुसलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. तिबुर्सिओ उरलेली रोटी कोंबड्यांना टाकून परसात जाऊन बसला. त्याचे कान तापले होते. एकोणसाठ वर्षांच्या माणसाचे कान शाळेतल्या पोरासारखे तापावेत, याचीही त्याला लाज वाटली.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गावाबाहेरच्या मुलना या जुन्या माया अवशेषांतल्या राजवाड्याचा अर्धा दर्शनी भाग कोसळून समोरच्या चौकात ढीग होऊन पडला होता. त्या जुन्या लोकांची बांधकामाची रीत मोठी हुशारीची. आत दगडगोटे आणि चुना घट्ट भरायचा आणि बाहेरून कोरीव दगडांची कातडी चढवायची. खालची अर्धी भिंत अगदी साधी, गुळगुळीत. वरच्या अर्ध्या भागात मात्र इंचभर जागा मोकळी नाही. मोळ्या उभ्या करून ठेवाव्यात तसे छोटे खांब, दगडी जाळी, आणि एकावर एक चाकचे मुखवटे. एकेक मुखवटा पंचवीस-तीस तुकड्यांचा. वाकडं लांब नाक वेगळं, भुवया वेगळ्या, दात वेगळे. त्यामुळे भिंत कोसळली तरी दगड बहुधा शाबूत राहायचे, फक्त कुठला कुठं ते ओळखायचं. गावातल्या बारा माणसांनी तो ढीग उपसला. मुकादम होता हिलारिओ पूत. शहरातले साहेब पंधरा दिवसांतून एकदा यायचे. रोजचा कारभार हिलारिओचा. प्रत्येक दगडाच्या पाठीवर तो लाल रंगानं नंबर घालायचा आणि तो वहीत लिहायचा; दगडावर काय कोरलंय ते मात्र टिपत नसे.

तिबुर्सिओ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. गावात त्याच्याइतका चांगला पाथरवट नव्हता, आणि त्याच्याइतका चांगला बेसबॉलचा चेंडूही कुणी टाकत नव्हतं. त्या शनिवारी शेजारच्या गावाशी सामना होता. गुरुवारी दुपारपर्यंत आपली रांग संपवून सरावाला पळायचं, म्हणून तो उतरणीवरून दोन-दोन दगड खांद्यावर घेऊन चढत होता. एक निसटला. तो चौकातल्या पाण्याच्या हौदाच्या तोंडावर आपटला आणि त्याचे तीन तुकडे झाले. मुलनाला ना नदी, ना झरा. त्या लोकांनी खडकाच्या पोटात हंड्यासारखे हौद खोदले होते आणि अख्खा चौक त्यांच्याकडे उतरता ठेवला होता. त्या हौदाची कड तेवढी टणक होती.

आजूबाजूला कुणी नव्हतं. जेवणाची वेळ होती. त्यानं तुकडे गोणपाटात भरले आणि चुन्याच्या भट्टीकडे नेले. ओल्या लाकडांची पुरुषभर उंच गोल रास रचून झाली होती आणि वर चुनखडीचे दगड घालायचं काम चाललं होतं. त्यानं गोणपाट त्यातच रिकामं केलं. शुक्रवारी भट्टी पेटली. पुढच्या आठवड्यात त्या चुन्यानं भिंतीचे सांधे भरले.

रविवारी सगळे सामन्याच्या विजयात दंग असताना त्यानं एक नवा दगड घेतला. अडचण अशी की त्या राजवाड्यात प्रत्येक मुखवट्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात वेगळी खूण होती. कुठं शंख, कुठं आडवी वेलांटी, कुठं चांदणी. फुटलेल्या दगडावर काय होतं? त्यानं तो पाठ वर करून उचलला होता. नंबर दिसला होता, चौऱ्याऐंशी. तोंड दिसलंच नव्हतं. तुकडे भरतानाही त्यानं ते उलटून बघितले नव्हते. मग हाताला जे येत होतं ते त्यानं कोरलं. लहानपणापासून आईच्या घेरावर बघितलेलं फूल. आई डावखुरी होती, म्हणून तिच्या फुलाचा देठ डावीकडे वळायचा. तेवढंच त्याचं कारण. मग पाठीवर त्यानं लाल रंगानं चौऱ्याऐंशी घातलं.

सोमवारी हिलारिओनं दगड हातात घेतला. त्यावर अंगठा फिरवला. "हा चौऱ्याऐंशी? ढिगातलाच ना रे?"

"हो," तिबुर्सिओ म्हणाला.

हिलारिओनं त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि वहीत लिहिलं, 'ढिगातला, अखंड.'

पुढे कित्येक वर्षं तिबुर्सिओला त्या फुलाचा छुपा अभिमान होता. राजवाड्यासमोरून जाताना तो वर बघायचा आणि मनात हसायचा. मग तेही सुटलं. चार वर्षांपूर्वी हिलारिओची लेक पुरातत्त्वात डॉक्टरेट मिळवून, बापाची वही घेऊन गावात परतली. चिंदानं पेटीतून सासूचं हिपिल काढून तिच्या पुढ्यात पसरलं, तेव्हा तिबुर्सिओ तिथंच झोपाळ्यात पडला होता. लिगियानं देठ बघून आनंदानं किंकाळी फोडली. तेव्हा तो उठून बोलला असता तर एका दुपारच्या हसण्यावारी गेलं असतं सगळं. तो कुशीवर वळला होता. आता गावातल्या भरतकाम करणाऱ्या बायकांनी आपल्या गटाला त्या फुलाचं नाव दिलं होतं, आणि वर्षभर सगळ्या जणी देठ डावीकडे वळवायला शिकत होत्या.

शुक्रवारी सकाळी तो मुलनाला गेला. लिगिया एकटीच होती, शिडीवर चढून फोटो काढत होती. भिंतीच्या माथ्यावर एक मोठा इग्वाना सरडा ऊन खात पसरला होता.

"या काका! बरं झालं आलात. जरा शिडी धरा."

त्यानं शिडी धरली. लिगिया खाली उतरली. मग तो म्हणाला, "लिगिया, ते फूल मी कोरलंय."

"हो का? मग राजवाडाही तुम्हीच बांधला असेल!" ती हसली. हसता हसता तिनं त्याच्याकडे बघितलं आणि थांबली.

त्यानं सगळं सांगितलं. दोन दगड एकदम उचलले ते, हौदाची कड, भट्टी, रविवार. बोलताना तो तिच्या बुटांकडे बघत होता. "त्या लोकांकडे लोखंड नव्हतं पोरी. गारगोटीनं घासून कोरायचे ते. मी दातेरी छिन्नी वापरली. पाकळ्यांच्या कडेला बघ, दातांच्या बारीक रेघा आहेत."

"बघितल्यात मी." लिगिया चौथऱ्यावर खाली बसली. "चार वर्षांपूर्वीच, पहिल्या दिवशी. मला वाटलं, डागडुजीत कुणी घासलं असेल. नाही… मला वाटलं नाही, मी तसं वाटून घेतलं. फूल इतकं सुंदर होतं." तिनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "आणि बाबांची वही होती ना! वहीत लिहिलंय, ढिगातला, अखंड. मी म्हटलं, बाबा चुकणार नाहीत."

मग तिनं तळवे खाली घेतले.

"काका, बाबांना माहीत होतं?"

खरं तर हा प्रश्न येणार हे त्याला कळायला हवं होतं. वाटेत त्यानं मनात सगळी वाक्यं जुळवली होती, नेमकं याचं उत्तर जुळवलं नव्हतं. हिलारिओला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाचं काय बिघडतं? आणि दोघांनी मिळून केलेली चूक एकट्याच्या चुकीपेक्षा हलकी असते. एवढं सगळं त्याच्या डोक्यातून एका श्वासात गेलं.

"हो," तो म्हणाला. आणि ते एकच अक्षर फार उघडं पडलंय असं वाटून त्यानं पुढे जोडलं, "तोच म्हणाला, असू दे म्हणून. साहेब ओरडतील म्हणाला."

लिगिया उठली. तिनं कॅमेरा पिशवीत घातला, शिडी मिटली. "बरं," ती म्हणाली, आणि शिडी खांद्यावर घेऊन एकटीच निघून गेली. त्यानं मदतीला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

घरी येताना मात्र त्याला हलकं वाटलं. सांगून टाकलं होतं, एकदाचं. दुपारी तो काळ्या घेवड्याची आमटी दोनदा मागून जेवला. चिंदा म्हणाली, "आज काय, भूक लागली वाटतं? दोन दिवस तर तोंड पाडून होतास." तो म्हणाला, "ऊन कमी झालंय जरा." ऊन काही कमी झालेलं नव्हतं.

शनिवारी पत्र्याखाली अख्खं गाव जमलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून शाळेतले बाक आणले. भरतकामाच्या गटातल्या बायका नवी हिपिल घालून एका बाजूला बसल्या होत्या. वीस-बावीस पांढरे झगे आणि सगळ्यांवर डावीकडे वळलेले देठ. गटाची पुढारी नीवेस, तिबुर्सिओच्याच वयाची, तोंडानं फटकळ. ती ओरडली, "ये रे तिबू! आज तुझ्या आईचा दिवस आहे. म्हातारी असती तर माझा देठ बघून म्हणाली असती, नीवेस, हे फूल आहे की शेपूट?" बायका हसल्या.

पुढच्या रांगेत लिगियाची आई सेवेरिना बसली होती. तिच्या मांडीवर हिलारिओचा चौकटीतला फोटो होता. पुस्तक नवऱ्याला अर्पण केलंय म्हणून ती तो भिंतीवरून काढून घेऊन आली होती. चौकटीची काच लख्ख पुसलेली होती. तिबुर्सिओ शेजारी बसला तेव्हा तिनं फोटो जरा त्याच्या बाजूला कलता केला. "त्यालाही दिसू दे," ती म्हणाली.

"हो वहिनी," तो म्हणाला.

लिगिया उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता. डोळे सुजलेले होते.

"मी आज फूल दाखवायला येणार होते," ती म्हणाली. "पण ते फूल जुनं नाही. छत्तीस वर्षांपूर्वी आपल्याच गावात ते कोरलं गेलं. मूळ दगड फुटला होता, तो लपवून नवा बसवला. मला खुणा दिसल्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे काणाडोळा केला. ही माझी चूक." पत्र्याखाली कुजबुज सुरू झाली. ती थांबली नाही. "दगड कुणी कोरला ते मी सांगणार नाही. त्यांनी स्वतः येऊन मला सांगितलं. पण वही माझ्या घरातली आहे. माझ्या वडिलांना माहीत होतं, आणि त्यांनी वहीत खोटं लिहिलं. पहिल्या पानावर मी त्यांचं नाव घातलंय. म्हणून त्यांच्या वतीनं मीच तुमची माफी मागते."

सेवेरिना हलली नाही. तिचा हात फक्त फोटोच्या काचेवर आला आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर आडवा पसरला, ऊन लागू नये म्हणून धरावा तसा.

तिबुर्सिओ त्या हाताकडे बघत राहिला. आपलं नाव त्या पोरीनं झाकलं होतं. बापाचं उघडं टाकलं होतं. अजूनही गप्प बसता येत होतं. कुणालाही काही कळलं नसतं. दगड कुणी कोरला याचा अंदाज लोकांनी केला असता, पण 'हिलारिओनंच सांगितलं असणार' असं म्हणून कोरणाऱ्याला अर्धं माफही केलं असतं. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं आणि पाय उठत नव्हते. कुणीतरी मागून म्हणालं, "हिलारिओ? तो तर खिळासुद्धा मोजून द्यायचा." दुसरं कुणीतरी म्हणालं, "मोजणारेच असतात तसले."

तेव्हा तो उठला.

"हिलारिओला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

ते फार हळू निघालं. लिगियानंच फक्त मान वळवली. त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं. "हिलारिओला माहीत नव्हतं. दगड मी फोडला. मी लपवला. फूल मी कोरलं, माझ्या आईचं. हिलारिओनं मला सरळ विचारलं होतं, ढिगातलाच ना? मी हो म्हणालो. त्यानं माझ्या शब्दावर लिहिलं."

"काल तर तुम्ही म्हणालात…" लिगियाचा आवाज चिरकला.

"काल मी खोटं बोललो."

"का?"

सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. चिंदा बाकावरून अर्धी उठली होती आणि तिचं तोंड उघडं होतं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तू विचारलंस," तो म्हणाला, "आणि मला एकट्यानं उभं राहायचं नव्हतं."

मग नीवेसनं विचारलं. तिच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती. "मग मूळच्या दगडावर काय होतं रे?"

"माहीत नाही."

"म्हणजे? तुझ्याच हातात होता ना?"

"हातात होता. उलटा धरला होता." त्यानं तळहात उलटा करून दाखवला. "फुटल्यावर तुकडे भरले, पण उलटून बघितले नाहीत. मला घाई होती. नंतर भट्टीत घातले. त्याचा चुना झाला. त्या भिंतीत कुठंतरी आहे तो."

लपवलं, खोटं बोललो, हे सांगताना त्याला इतकं जड गेलं नव्हतं. हे सांगताना मात्र त्याला मान वर करवेना. कुणा पाथरवटानं बाराशे वर्षांपूर्वी गारगोटीनं घासून घासून काहीतरी कोरलं होतं. पुढे पाऊस हटला, हौद कोरडे पडले, माणसं घरं सोडून गेली, भिंत कोसळली. ढिगात तोंड खाली करून तो दगड तसाच पडून होता. त्याला उचलणारा पहिला माणूस म्हणजे तिबुर्सिओ, स्वतः पाथरवट. आणि त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. बघायला किती वेळ लागला असता? चेंडू टाकायला लागतो तेवढा.

सेवेरिना उठली. फोटो छातीशी धरून ती त्याच्यासमोर उभी राहिली. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"कालपासून माझी लेक जेवली नाही," ती म्हणाली. "मला सांगत होती, आई, बाबा तसे नव्हते ना? आणि मी विचार करत बसले. मी, त्याची बायको! विचार करत बसले, की असेल का तसा?" तिनं श्वास घेतला. "एवढं तू केलंस."

ती निघून गेली. लिगिया तिच्या मागोमाग गेली. पुस्तकांचे गठ्ठे टेबलावर तसेच राहिले.

घरी जाताना चिंदा त्याच्या चार पावलं पुढे चालत होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "पेटीतून ते हिपिल मी काढलं, तेव्हा तू झोपाळ्यात जागा होतास की झोपलेला?"

"जागा होतो."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि आठवडाभर कामापुरतंच बोलली.

गावानं त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. पण मक्याच्या गिरणीवर रांगेत उभा राहिला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "तिबू, हा खांब नवा की बाराशे वर्षांचा? बघून सांग. की उलटा धरलायस?" लोक हसायचे. तोही हसायचा प्रयत्न करायचा. ते जमत नसे. नीवेस तेवढी एकदा परसात येऊन बसली आणि सरळ म्हणाली, "देठ आम्ही परत उजवीकडे वळवलाय. बोटं वाकडी झाली होती सगळ्यांची. काही जणींना वाईट वाटलं, रडल्यासुद्धा. मी म्हटलं, मी इथं तुमच्यासमोर उभी आहे ना, माझ्या आईनं शिकवलेलं शिवतेय ना? मग मी गायब झाले नाही, हे सांगायला मला दगडाचं सर्टिफिकेट कशाला हवं?" मग उठताना, "पण तुझ्यावर राग आहेच हं माझा. तो आहे तो आहे."

लिगियानं छापलेल्या प्रत्येक प्रतीत एक जादा पान चिकटवलं. त्यात तिनं स्वतःची चूक आधी लिहिली होती, त्याची नंतर. शहरातल्या दोघा-तिघा विद्वानांनी तिची खिल्ली उडवली, असं कानावर आलं. तिबुर्सिओला ते गिरणीवरच्या थट्टेपेक्षा जास्त लागलं.

फुलाचा दगड काढायच्या परवानगीचा कागद यायला तीन महिने गेले. मग एका सकाळी लिगियाचा निरोप आला, परांची बांधलीय, छिन्नी घेऊन या. तो गेला. तिनं नमस्कार केला, हसली नाही. त्यानं फुलाच्या चारी बाजूंचा चुना हलक्या हातानं खरवडला. बरोबर दुपारपर्यंत काम चाललं. तो चुनाही फेकायचा नाही, असं लिगियानं सांगितलं होतं. तिनं तो एका डब्यात भरून घेतला, जरी त्यातून काहीच कळणार नव्हतं. दगड निघाला तेव्हा तिबुर्सिओनं तो आधी उलटून, मग सुलटून बघितला आणि तिच्या हाती दिला. त्या जागी त्यानं साधा, बिनकोरीव दगड बसवला, आणि हा नंतरचा आहे हे कळावं म्हणून सांध्यात बारीक खड्यांची ओळ भरली.

"मागच्या बाजूला अजून सतरा मुखवट्यांचे तुकडे ढिगात आहेत," परांचीवरून उतरताना लिगिया म्हणाली. "जुळवायला मला माणूस लागेल. तुमचं नाव मी कामाच्या यादीत घालणार नाही काका. अजून नाही. पण तुम्ही आलात तर मी नको म्हणणार नाही."

तो रोज जाऊ लागला. प्रत्येक दगड दोन्ही हातांनी, एका वेळी एकच, आणि तोंड वर करून. शंख असेल तर शंख, चांदणी असेल तर चांदणी, तो मोठ्यानं सांगायचा आणि लिगिया लिहून घ्यायची. दोघांचं बोलणं तेवढंच.

गावाकडून मुलनाला जाणारी वाट सेवेरिनाच्या कुंपणावरून जाते. सकाळच्या वेळी ती दारात मका निवडत बसलेली असते. तो येताना दिसला की ती सूप उचलून आत जाते, घाई न करता, पण न चुकता. तो थांबत नाही. टोपी मात्र काढतो, आणि तिचं दार मागे पडेपर्यंत हातातच धरून चालतो.